बकध्यान

आमच्या शाळेच्या मागे एक डबके आहे. पावसाळ्यात त्याचे तळे होते आणि शिमग्याच्या सुमारास ते पुन्हा डबके होऊन आटून जाते. त्या पाण्यात रोज सकाळी एक बगळा एका पायावर उभा असतो. सातवीच्या वर्गाची खिडकी नेमकी त्याच बाजूला. त्यामुळे मी फळ्यावर त्रैराशिक मांडीत असलो की अर्धा वर्ग बगळ्याकडे पाहत असतो आणि उरलेला अर्धा पेंगत असतो. बगळ्याबद्दल आपल्यात कोणी बरे बोलत नाही. डोळे मिटून मासा गिळणारा ढोंगी, अशी त्याची ख्याती. पण विद्यार्थ्याची जी पाच लक्षणे जुन्या लोकांनी सांगून ठेवली आहेत, त्यांत कावळ्याची खटपट आणि कुत्र्याची सावध झोप यांच्या पंक्तीला बगळ्याचे ध्यानही बसलेले आहे. ही लक्षणे मी दर जूनमध्ये मुलांना सांगतो. ती मास्तरांना लागू नाहीत, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

ती समजूत ज्यांनी मोडली त्या गृहस्थांचे नावच बक. बक ओनील. आपल्या बगळ्याशी किंवा बकासुराशी त्यांचा काही संबंध नाही. ते अमेरिकेतले एक काळे बेसबॉल खेळाडू. मूळ नाव जॉन जॉर्डन ओनील. मायामीच्या एका संघाच्या मालकाला लोक बक म्हणत, त्याचे आडनावही ऐकायला ह्यांच्यासारखेच. त्या घोटाळ्यात ते नाव ह्यांना चिकटले ते जन्मभर सुटले नाही. माणसाला नाव चुकून मिळावे आणि नेमके शोभावे, ही गंमत कादंबरीत लिहिली असती तर टीकाकारांनी मला फाडून खाल्ले असते.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे कॅन्सस सिटी नावाच्या शहरात नोकरीला आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी ओनीलांचे १९९६ साली निघालेले आत्मचरित्र पाठवून दिले. सोबत चिठ्ठी होती: 'मास्तर, हा माणूस तुम्हाला आवडेल.' माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते पुस्तक तीन महिने वाचत होतो. घरात मंडळी म्हणू लागली, आता ह्या वयात परीक्षेला बसणार आहात की काय?

बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ. बॅट चपटी नसून मुसळासारखी गोल, आणि चेंडू टोलावून चार ठाण्यांची फेरी पुरी करायची, की एक धाव. त्या देशात मोठ्या शहरांचे संघ आहेत त्यांना मेजर लीग म्हणतात. त्यांच्याखाली उतरत्या पायऱ्यांनी मायनर लीगा: लहान गावांचे संघ, रात्र-रात्र बसचा प्रवास, बेताचा पगार, आणि वरून बोलावणे येईल म्हणून वाट पाहणारी पोरे. बहुतेकांना ते बोलावणे येतच नाही. काळ्या माणसाला मात्र १९४६ सालापर्यंत ह्या शिडीच्या तळालाही उभे राहू देत नसत. जॅकी रॉबिन्सन ह्याने १९४६ मध्ये पहिली पायरी चढली आणि पुढच्या वर्षी तो वर पोचला. त्याच्या आधी साठएक वर्षे काळ्यांनी आपले संघ, आपल्या लीगा वेगळ्या उभारल्या. ओनील त्यांतल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स ह्या नामांकित संघाचे पहिल्या बेसचे खेळाडू.

त्यांचा जन्म १९११ सालचा, फ्लॉरिडातला. बाप सेलरीच्या मळ्यात कामाला. सेलरी म्हणजे ओव्याकोथिंबिरीच्या कुळातली एक भाजी. पोरगाही तिथेच खोकी उचलायचा. एक दिवस उन्हाने जीव कासावीस झाला तेव्हा खोक्यांच्या आडोशाला बसून तो स्वतःशीच पुटपुटला, की जगात ह्याहून बरे काहीतरी असलेच पाहिजे. पलीकडे बाप होता. त्याने ते ऐकले. आता मार बसणार असे पोराला वाटले. पण बाप म्हणाला, की आहे, बरे काहीतरी आहे, पण ते इथे नाही. तुला ते शोधायला बाहेर पडले पाहिजे. सारासोटा गावात हायस्कूल होते, पण गोऱ्यांचे. म्हणून तो जॅक्सनव्हिलला गेला आणि तिथल्या एडवर्ड वॉटर्स कॉलेजात शिकला. जे हायस्कूल त्याला दारात उभे करीत नव्हते, त्याने पुढे १९९५ साली त्याला समारंभपूर्वक आपले प्रमाणपत्र दिले. तेव्हा ओनील त्र्याऐंशी वर्षांचे होते. ते वाचले त्या रात्री मी ट्रंकेतून माझे मॅट्रिकचे सर्टिफिकेट काढून पाहिले. घडीवर विरले आहे. पुन्हा ठेवून दिले.

मोनार्क्सकडून ते १९३८ पासून खेळले. १९४२ साली त्यांच्या संघाने काळ्यांची जागतिक मालिका जिंकली. मधे युद्धात काही काळ आरमारात गेला. १९४८ मध्ये ते मोनार्क्सचे मॅनेजर झाले. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे हिशेब ठेवणारा नव्हे. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून त्यांच्यात बसतो, कोणाला केव्हा उतरवायचे ते ठरवतो, आणि पोर हरले तर रात्री त्याच्याशी बोलतो. पण रॉबिन्सनला दार उघडल्यावर चांगली काळी पोरे मोठ्या संघांकडे जाऊ लागली आणि काळ्यांच्या लीगा ओस पडत चालल्या. म्हणजे ओनीलांचे काम असे, की पोर तयार करायचे आणि दुसऱ्याच्या हवाली करायचे. एर्नी बँक्स हा त्यांचाच. १९५३ मध्ये तो शिकागो कब्जकडे गेला आणि पुढे त्याने तिथे पाचशे बारा होमरन मारले. स्वतः ओनील, दार उघडले तेव्हा, पस्तिशीचे होते. थोडा उशीर झाला हो, असे लोक त्यांना हळहळून म्हणत. ते त्यांना मान्य नव्हते. आपण अगदी वेळेवर आलो, असे त्यांनी आत्मचरित्राच्या नावातच सांगून टाकले आहे.

आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस कोणता, ह्याचे त्यांचे उत्तर ठरलेले असे. १९४३ चा ईस्टरचा रविवार, मेम्फिस गाव. त्या दिवशी त्यांनी एक, दोन, तीन आणि चार ठाण्यांचे, असे चारही जातींचे टोले एकाच सामन्यात मारले. असा योग खेळाडूच्या जन्मात एखादाच. आणि त्याच संध्याकाळी त्यांना ओरा नावाची तरुणी भेटली. ती शाळामास्तरीण होती. एक्कावन्न वर्षे त्यांनी संसार केला. मूलबाळ नव्हते.

ओनीलांचे खरे काम, माझ्या मते, चव्वेचाळिसाव्या वर्षानंतर सुरू झाले. शिकागो कब्जनी त्यांना स्काउट म्हणून नेमले. आपल्याकडे स्काउट म्हटले की गळ्यातला रुमाल आणि शिट्टी डोळ्यांपुढे येते. हा स्काउट निराळा, आपण त्याला पारखी म्हणू. गावोगाव मोटार हाकीत जायचे, शाळाकॉलेजांच्या मैदानांच्या कडेला बसायचे आणि पोरे न्याहाळायची. दक्षिणेतली काळ्यांची कॉलेजे गोऱ्या पारख्यांच्या वाटेवर नसत; ती ओनीलांना तळहातासारखी ठाऊक. पारखी सामन्याच्या आधीच येऊन बसतो, कारण सामन्यात एखाद्याकडे चेंडू येणारही नाही, पण सरावात त्याचा हात दिसतोच. तो पाच गोष्टी पाहतो: टोला लागतो का, लांब जातो का, पळतो कसा, झेलतो कसा, फेकतो कसा. फलंदाज पहिल्या बेसपर्यंत किती सेकंदांत पोचतो ते घड्याळ लावून मोजतो. पोराच्या आईबापांची उंची-बांधाही हळूच पाहून घेतो, म्हणजे पोर पुढे कसे भरेल त्याचा अंदाज येतो. (आमच्याकडे मुलगी पाहायला जाणारी मंडळी हेच करतात.) १९६५ च्या आधी निवडीची सामायिक सोडत नव्हती, ज्या पारख्याने पोराच्या आईचा विश्वास मिळवला, त्याच्या संघात पोर जाई. त्यामुळे पारख्याचे निम्मे काम मैदानावर आणि निम्मे लोकांच्या स्वयंपाकघरात.

आणि ओनील कानांनीही पाहत. ते सांगत, की बॅटवर चेंडू बसल्याचा एक विशिष्ट आवाज असतो. तो त्यांनी जन्मात तिघांच्याच बॅटमधून ऐकला. लहानपणी फ्लॉरिडात बेब रूथच्या. मग काळ्यांच्या लीगमधल्या जॉश गिब्सनच्या, ज्याला मोठ्या संघांनी कधी घेतलेच नाही. आणि म्हातारपणी कॅन्सस सिटीत बो जॅक्सनच्या. चौथ्यांदा तो ऐकू येईल म्हणून ते नव्वदी उलटली तरी मैदानावर जाऊन बसत. ह्याला मी बकध्यान म्हणतो.

लुइझियानातल्या सदर्न युनिव्हर्सिटीत त्यांना लू ब्रॉक नावाचा पोरगा दिसला. ह्या ब्रॉकची गोष्ट मास्तर लोकांनी ऐकण्यासारखी आहे. शाळेत असताना त्याने कागदाचा ओला बोळा करून फेकला आणि तो बाईंना लागला. बाईंनी शिक्षा काय करावी? बेसबॉलच्या मोठ्या खेळाडूंची माहिती काढून वर्गापुढे सांगायची! पोराला खेळाचे वेड लागले ते तिथून. मी असतो तर पाढे लिहायला लावले असते, आणि अमेरिका एका खेळाडूला मुकली असती. १९६० साली ओनीलांच्या शिफारशीवरून ब्रॉक कब्जमध्ये आला. पण तिथल्या कारभाऱ्यांना दम नव्हता. चार वर्षांत, १९६४ च्या जूनमध्ये, त्यांनी त्याला सेंट लुइसला देऊन बदल्यात ब्रॉग्लिओ नावाचा गोलंदाज घेतला. त्या गोलंदाजाचा हात दुखावलेला निघाला; कब्जकडून त्याने एकंदर सात सामने जिंकले. ब्रॉकच्या नव्या संघाने त्याच ऑक्टोबरात जागतिक मालिका जिंकली, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर तीन हजार तेवीस टोले आणि नऊशे अडतीस चोरलेले बेस होते. पारख्याने हिरा काढून द्यावा आणि दुकानदाराने तो काच म्हणून विकावा, ह्याला काय करणार? ओनील दुसऱ्या गावाला गेले आणि दुसऱ्या मैदानाच्या कडेला जाऊन बसले.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती ब्रॉकची नव्हे, बिली विल्यम्सची. विल्यम्स हा अलाबामातल्या व्हिसलर गावचा. १९५९ मध्ये तो कब्जच्या सॅन अँटोनिओच्या मायनर लीग संघात खेळत होता. खेळ उत्तम चालला होता. पण परगावी सामना असला की गोऱ्या सोबत्यांना खाणावळीत ताटे मिळत आणि ह्याला दारातून परतवीत. ते सोसेना, तशी एक दिवस कोणाला न सांगता तो घरी निघून गेला. कब्जनी ओनीलांना पाठवले: जा, त्याला घेऊन या.

ओनील गेले. घरच्यांबरोबर जेवले, गप्पा मारल्या. परत चल, असे एकदाही म्हणाले नाहीत. नंतर विल्यम्सला गाडीत घालून जवळच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे गावची पोरे खेळत होती. त्यांनी विल्यम्सला पाहिले आणि सगळी भोवती जमली. तिथे कसे असते? कोण-कोण भेटले? तू किती लांब मारतोस? ओनील बाजूला उभे. थोड्याच दिवसांत विल्यम्स आपण होऊन म्हणाला, की मी परत जातो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. पुढे चारशे सव्वीस होमरन, आणि १९८७ साली कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या खेळाच्या देवघरातच, स्थापना.

हे पान वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. आठवडाभर ते उघडले नाही.

दहाबारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव इथे घालीत नाही. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी मला आजवर भेटला नाही. मी उदाहरण पुरे सांगायच्या आत उत्तर त्याच्या ओठांवर असे. त्या वर्षी सहल गेली होती, आणि तिथे डबे उघडल्यावर कोणीतरी ह्याच्या डब्यावरून आणि कोण कुठे बसणार त्यावरून काहीतरी बोलले. काय बोलले ते मी ऐकले नाही. ऐकू येण्याइतका जवळ मी बसलो होतो, हे मात्र खरे. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. मोठ्या कर्तव्यबुद्धीने गेलो. अंगणातच उभे राहून मी त्याच्या आईला सुनावले: मुलाचे वर्ष फुकट जाते आहे, अशी हुशारी असून काय उपयोग, पुढे पस्तावाल. पोरगा आत दाराच्या फळीआड होता. मला त्याची फक्त बोटे दिसत होती. त्याची आई म्हणाली, "बसा तरी मास्तर. च्या टाकते." मी म्हटले, "नको, घाईत आहे." मी घाईत होतो की नव्हतो, हे मला आज सांगता येत नाही. सांगता येत नाही असे म्हणतो; म्हणजे सांगवत नाही. तो शाळेत परत आला नाही.

तीनएक वर्षांपूर्वी तालुक्याच्या एस्.टी. स्टँडवर एका उंच तरुणाने मला हाक मारली. वीटभट्टीवर तो मुकादम आहे. पायांना हात लावू लागला, तो मी धरला. किती विटा, किती खेपा, किती मजूर, सारे तोंडी. वही कशाला लागते म्हणाला. मग कँटीनकडे बोट दाखवून म्हणाला, "मास्तर, आज तरी च्या घ्या की." त्याच्या मनात काही होते की सहज बोलला, कोण जाणे. मी चहा घेतला. पैसे त्याने दिले.

आता ओनीलांकडे परत जाऊ. १९६२ मध्ये कब्जनी त्यांना कोच केले. मेजर लीगमधला तो पहिला काळा कोच. वर्तमानपत्रांत फोटो आले. त्या वर्षी कब्जचा मालक एका मॅनेजरऐवजी कोचमंडळीकडून आळीपाळीने संघ चालवून घेत होता, तेव्हा ओनीलांची पाळी कधीतरी येईल अशी कोणाचीही समजूत व्हावी. आली नाही. नुसते बेसच्या कडेला उभे राहून धावपटूला 'पळ', 'थांब' म्हणण्याचे कामसुद्धा त्यांना दिले नाही. ह्यूस्टनला एका सामन्यात पंचांशी हुज्जत घालून त्यांचे दोन कोच मैदानाबाहेर गेले. ओनील तिथेच बसलेले. चौदा वर्षांपूर्वी मॅनेजर झालेला माणूस. बोलावणे गेले ते लांब गोलंदाजांपाशी बसलेल्या तिसऱ्याच कोचला. हे दुखल्याचे त्यांनी लपवलेले नाही. मेजर लीगला पहिला काळा मॅनेजर मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, आणि तो फ्रँक रॉबिन्सन.

आमच्याही शाळेत मागे हेडमास्तरांची जागा रिकामी झाली होती. मी तिथला सर्वांत जुना, पण मॅट्रिक. माझ्या हाताखाली उमेदवारी केलेले एक पदवीधर आले आणि त्या खुर्चीत बसले. मी वर्षभर त्यांच्याशी कामापुरते बोललो आणि त्या रागात एक कादंबरी लिहिली. ती माझ्या चार कादंबऱ्यांत सर्वांत वाईट आहे. ओनीलांनी काय केले? ते पुन्हा मोटारीत बसून पोरे पाहायला निघाले. ऑस्कर गँबल, ली स्मिथ, जो कार्टर ही नावे त्यानंतरची. ह्यांतल्या कार्टरलाही कब्जनी देऊन टाकले आणि १९९३ ची जागतिक मालिका त्याने टोरोंटोला शेवटच्या टोल्यावर जिंकून दिली. पण असो, तेच-तेच किती सांगायचे!

त्यांना लोक खरे ओळखू लागले ते ऐंशी उलटल्यावर. १९९४ मध्ये केन बर्न्स ह्यांचा बेसबॉलवरचा लांबलचक माहितीपट टेलिव्हिजनवर आला आणि त्यातला हा गोड बोलणारा म्हातारा घरोघर पोचला. माझ्या विद्यार्थ्याने त्याचे तुकडे मला फोनवर दाखवले. तक्रारीचा सूर शोधू गेलो तर सापडत नाही. सारखे कोणातरी दुसऱ्याविषयीच बोलणे, गिब्सन असा होता, सॅचेल पेज तसा होता.

२००६ च्या फेब्रुवारीत काळ्यांच्या लीगमधल्या थोरांची हॉल ऑफ फेमसाठी खास निवड झाली. एकोणचाळीस नावे, त्यांतली सतरा निवडली. सतराही जण मेलेले. यादीत जिवंत दोघेच होते, ओनील आणि मिनी मिन्योसो, आणि दोघेही वगळले गेले. ओनील तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे. कॅन्सस सिटीत ज्या संग्रहालयासाठी त्यांनी जीव टाकला, तिथे लोक हार-तुरे घेऊन जमले होते. बातमी आली, लोक रडू लागले, म्हातारा त्यांची समजूत घालीत बसला. मग त्या सतरा जणांच्या वतीने समारंभात बोलायला कोणी तरी हवे होते. त्यांनी ओनीलांनाच विचारले, आणि ते हो म्हणाले! जुलैच्या तिसाव्या तारखेला कूपर्सटाउनला जाऊन त्यांनी भाषण केले आणि जमलेल्या हजारो माणसांना एकमेकांचे हात धरायला लावून त्यांच्याकडून गाणे म्हणवून घेतले. मला तिथे बोलावले असते तर मी आजारी पडलो असतो.

त्याच्या बारा दिवस आधीची एक गंमत सांगायची राहिली. कॅन्ससमध्ये नॉर्दर्न लीग नावाच्या एका मायनर लीगचा सामना होता. त्यात चौऱ्याण्णव वर्षांचे ओनील गणवेश घालून बॅट घेऊन उतरले. गोलंदाजाने ठरल्याप्रमाणे लांबून चेंडू टाकले आणि ते चालत पहिल्या बेसवर गेले. त्यांच्या जुन्या जागेवर. मग त्यांना प्रतिपक्षाच्या संघात 'विकले', आणि ते तिकडूनही एकदा खेळले. ऑक्टोबरच्या ६ तारखेला ते वारले. काळ्यांच्या लीगा ह्या मेजर लीगाच होत्या, असे वरिष्ठांनी २०२० साली जाहीर केले. २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्यांची पाटी लागली. मिन्योसोचीही त्याच दिवशी लागली. तोवर तेही गेले होते.

ह्या श्रावणापासून सातवीतली एक मुलगी शाळेत येत नाही. अक्षर सामान्य, गणित बेताचे. पण गोष्ट सांगायला उठली की पेंगणारी मुले जागी होतात आणि बगळ्याकडे पाहणारी तोंड फिरवून तिच्याकडे पाहतात. गणपतीच्या सुट्टीत मी तिच्या वस्तीवर गेलो. जाताना वाटभर एक भाषण मनात जुळवले होते, जित्याची खोड. तिथे गेल्यावर बाजेवर बसलो. तिच्या आजीने काळा चहा दिला तो घेतला. शेळी व्यायली होती. मुलीने करडे आणून दाखवली आणि त्यांतले तपकिरी कसे दोनदा विहिरीत पडता-पडता वाचले ते सांगू लागली. शेजारची चार पोरे येऊन उभी राहिली. तिने ते करडू तिसऱ्यांदाही विहिरीच्या काठावर नेले. हे तिसऱ्यांदाचे तिने तिथल्या तिथे रचले, हे माझ्या लक्षात आले. मी शाळेचे नाव काढले नाही. अंधार पडायला लागला तसा उठलो.

सोमवारी शाळा उघडते. हजेरीपटात तिच्या नावापुढे खाडे बरेच झाले आहेत. नाव मी अजून खोडलेले नाही.